दीडकी

चहाच्या ट्रेखाली दुमडून आलेला कागद.
त्यावर तेलाचा अंगठा आणि दोन आकडे:
वर चौसष्ट, खाली तीनशे चोवीस.
मधे तीन मोकळ्या रेघा.

उद्यमनगरात चिठ्ठ्या अशाच फिरतात
समोरासमोरच्या दोन शेडमध्ये
जेव्हा अकरा वर्षं बोलणं नसतं.

लेथ भागीदारीतला. वाटणीत तो गेला
इलाही मिस्त्रींकडे.
आप्पांच्या वाट्याला आली पाटी,
खोत-मुजावर इंजिनिअरिंग वर्क्स,
अर्धी पांढऱ्या रंगानं झाकलेली.
उन्हात तो रंग फुगतो
आणि 'मु' थोडा दिसतो.

गिऱ्हाइकाला पाच वेग पाहिजेत.
सगळ्यात सावकाश, मिनिटाला चौसष्ट फेरे,
सगळ्यात जलद तीनशे चोवीस.
मधले तीन बसवायचे.
चिठ्ठीवर कुणाचं नाव नव्हतं,
पण डिप्लोमाला जाणारी गल्लीत मी एकटीच.

मी वजाबाकी केली. दोनशे साठ.
भागिले चार, पासष्ट.
जिना चढावा तसं म्हणत गेले,
एकशे एकोणतीस, एकशे चौऱ्याण्णव, दोनशे एकोणसाठ,
आणि खाली दोन रेघा मारल्या.

आप्पा व्हाइसला कास्टिंग लावून घासत होते.
कानस थांबली नाही.
"चौसष्टावरनं एकदम एकशे एकोणतीस? दुप्पट झालं की. जॉब उडंल.
आन् वरच्या टोकाला गिअर टाकला काय, न टाकला काय,
कळायचं बी न्हाई.
वजा करू नको. भाग."

खरंच होतं.
हाताला फरक कळत नाही,
पट कळते.

मग भागलं.
एक्याऐंशी छेद सोळा.
चार उड्यांत एवढं गाठायचं, म्हणून वर्गमूळ,
नऊ छेद चार, त्याचं पुन्हा वर्गमूळ,
तीन छेद दोन.

आप्पांनी मूळबिळ काढलं नाही.
सातवीतनं शाळा सुटलेली, पण दीडकी पाठ.
कानशीच्या तालावर पुटपुटत होते,
चौसष्ट दीडं शहाण्णव,
शहाण्णव दीडं एकशे चव्वेचाळीस,
एकशे चव्वेचाळीस दीडं दोनशे सोळा,
आणि पुढचं म्हटलंच नाही.
पुढचं चिठ्ठीतच होतं.

मी गल्ली ओलांडली. बारा पावलं असतील.
इलाही मिस्त्रींनी गिअरबॉक्सवर स्क्रूड्रायव्हर टेकवला होता
आणि त्याची मूठ डाव्या कानाला.
उजव्यानं आता कमी ऐकू येतं.
कागद लांब धरून वाचला.
"हे तुझं न्हवं," म्हणाले.
मी गप्प.
त्यांनी कापडानं हात पुसले,
एक एक बोट, बराच वेळ.

कागदाच्या मागे मी आणखी एक उत्तर लिहिलं होतं.
गुणोत्तर वजा दीडही चालतं,
सर म्हणतात तेही लिहा, त्याला अर्धा मार्क आहे.
चौसष्ट, वजा शहाण्णव, एकशे चव्वेचाळीस,
वजा दोनशे सोळा, तीनशे चोवीस.
एक फेरा सुलटा, पुढचा उलटा.
लेथला रिव्हर्स असतोच, म्हणून खोडलं नाही.

मिस्त्रींनी कागद पालटला. पुन्हा पालटला.
काळं नख मधोमध ठेवलं.
"बाकीचं फिरतंय इकडं तिकडं. ह्यो तेवढा हितंच हाय."
आठ गुणिले अठरा, मी म्हणाले,
दोन्ही टोकांच्या मुळांचा गुणाकार,
त्याला चिन्ह बदलता येत नाही.
त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.
मी उजव्या बाजूला उभी होते.

आठ दिवसांनी गिअर कापून बसवले.
पहिल्यांदा मशीन सावकाशवर चालवून बघतात.
मिस्त्रींनी सरळ तिसरा दांडा टाकला.
पांढरं कुलंट उडालं, चकमध्ये काही नव्हतंच,
नुसता आवाज, एकसारखा,
पत्र्याच्या दोन्ही शेडमध्ये भरलेला.

समोर कानस थांबली.

मी वह्या आवरत होते, मोजलं नाही किती वेळ.
मग पुन्हा सुरू झाली.